भविष्य निर्वाह निधीच्या मागील वर्षांच्या अंशदानातील चुकांची दुरुस्ती

भविष्य निर्वाह निधीच्या मागील वर्षांच्या अंशदानातील चुकांची दुरुस्ती म्हणजे नियोक्त्याने पूर्वीच्या काळात कमी, जास्त किंवा चुकीच्या खात्यात भरलेली रक्कम नंतर नियमित करण्याची कार्यपद्धती होय. भारतात ती कर्मचारी भविष्य निर्वाह निधी व संकीर्ण तरतुदी अधिनियम, 1952 आणि त्याखालील योजनांनुसार चालते.

पार्श्वभूमी

हा अधिनियम सामान्यतः 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. विजेचा वापर न करणाऱ्या व 50 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या सहकारी संस्था त्यातून वगळलेल्या आहेत. कर्मचारी व नियोक्ता मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या प्रत्येकी 12 टक्के रक्कम भरतात. नियोक्त्याच्या हिश्शातील 8.33 टक्के रक्कम कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 मध्ये जाते. त्यासाठी 1 सप्टेंबर 2014 पासून वेतनमर्यादा दरमहा 15,000 रुपये आहे. रक्कम महिना संपल्यापासून 15 दिवसांत भरावी लागते.

चुकांचे प्रकार

* पात्र कर्मचाऱ्याची नोंदणीच न करणे.
* वेतन कमी दाखवणे. सरसकट दिले जाणारे भत्ते अंशदानासाठी मूळ वेतनात धरावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात दिला.
* निवृत्तिवेतनास अपात्र सभासदाची रक्कम त्या योजनेत भरणे, किंवा पात्र सभासदाची न भरणे.
* नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची वा नोकरी सोडण्याची तारीख चुकवणे.

उदाहरण

एखाद्याचे वेतन 14,000 रुपये असताना विवरणपत्रात 12,000 रुपये दाखवले, तर फरक 2,000 रुपयांचा होतो. त्यावर दोन्ही हिश्शांचे प्रत्येकी 240, म्हणजे दरमहा 480 रुपये कमी भरले जातात. नियोक्त्याच्या 240 रुपयांपैकी सुमारे 167 रुपये निवृत्तिवेतन योजनेचे असतात. वर्षभराची तूट 5,760 रुपये होते.

तुटीचा भार

मागील काळातील कर्मचाऱ्याचा हिस्सा नियोक्त्याला नंतरच्या वेतनातून कापता येत नाही. नजरचूक किंवा लेखनिकी चूक असल्यास निरीक्षकाच्या लेखी संमतीने तशी कपात करण्याची मुभा निधी योजनेच्या परिच्छेद 32 मध्ये आहे. थकबाकीवर कलम 7-क्यू नुसार वार्षिक 12 टक्के सरळ व्याज लागते. कलम 14-बी खालील नुकसानभरपाई पूर्वी विलंबानुसार वार्षिक 5 ते 25 टक्के होती. जून 2024 पासून ती दरमहा 1 टक्का आहे.

आयकरावरही परिणाम होतो. कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही, तर नियोक्त्याला त्याची वजावट मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2022 रोजी चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात स्पष्ट केले.

कार्यपद्धती

कमी भरलेली रक्कम नियोक्ता पूरक विवरणपत्राद्वारे भरतो. वैयक्तिक तपशिलातील चुकांसाठी सभासद व नियोक्त्याचे संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. आधारशी पडताळणी झालेल्या अनेक खात्यांत काही बदल सभासद स्वतः ऑनलाइन करू शकतो. नियोक्त्याने दाद न दिल्यास सभासदाला निधी संघटनेकडे तक्रार करता येते. त्यानंतर कलम 7-ए अन्वये चौकशी होऊन देय रक्कम ठरवली जाते. या कलमात थकबाकीसाठी कालमर्यादा नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये मात्र चौकशी सुरू करण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. वेतनचिठ्ठ्या, नियुक्तीपत्र, हजेरीपट आणि बँकेचे पासबुक हे अशा चौकशीतील मुख्य पुरावे ठरतात.

वर्धा जिल्हा नागपूर प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या सभासदांना ऑनलाइन तक्रारीशिवाय ‘निधी आपके निकट’ या मासिक जिल्हा शिबिरातही प्रकरण मांडता येते. हा उपक्रम जानेवारी 2023 पासून सर्व जिल्ह्यांत राबवला जातो.

सवलत मोहिमा

नोंदणीतून वगळलेल्यांसाठी 2017 मध्ये आणि पुन्हा 1 नोव्हेंबर 2025 ते 30 एप्रिल 2026 या काळासाठी मोहिमा जाहीर झाल्या. दुसऱ्या मोहिमेत 1 जुलै 2017 ते 31 ऑक्टोबर 2025 दरम्यानचे कर्मचारी समाविष्ट होते. कापला न गेलेला कर्मचाऱ्याचा हिस्सा त्यात माफ असून नुकसानभरपाई 100 रुपये ठेवण्यात आली.

महत्त्व

मासिक निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे 10 वर्षांची सेवा आवश्यक असते. अंशदान मिळालेल्या काळाबरोबरच ते येणे असलेला काळही योजनेच्या व्याख्येनुसार निवृत्तिवेतनपात्र सेवेत येतो. त्यामुळे नियोक्त्याच्या थकबाकीने सभासदाचा हक्क संपत नाही. मात्र ती सेवा नोंदीत नसेल, तर ती सिद्ध करण्याची वेळ बहुधा निवृत्तीनंतर, आस्थापना बंद पडल्यावर किंवा सभासदाच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबावर येते.