चेंबूरच्या रस्त्यावर किती खर्च झाला? मोबाइलवरून असा तपासा महापालिकेचा हिशेब

चेंबूर : मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यातला किती पैसा आपल्या गल्लीत आला आणि काम खरंच झालं का, हे शोधण्याची बरीच साधनं आता मोबाइलवर आहेत. ती वापरायची कशी?

लक्ष ठेवणं का गरजेचं?

७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. या काळात सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालात पालिकेने सुमारे २१४ कोटींची कामं निविदा न मागवता दिल्याचं म्हटलं होतं. ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच झाला नव्हता.

आधी हे ठरवा : काम कुणाचं?

चेंबूरचा बहुतांश भाग पालिकेच्या ‘एम पश्चिम’ विभागात येतो, तर गोवंडी, मानखुर्द, देवनार ‘एम पूर्व’मध्ये. मोनोरेल आणि मेट्रो २ब ही मात्र ‘एमएमआरडीए’ची कामं आहेत. त्यांचा खर्च पालिकेच्या हिशेबात सापडणार नाही.

ऑनलाइन कुठे, काय मिळेल?

• पालिकेचं संकेतस्थळ : अर्थसंकल्पाची पुस्तकं इथे आहेत. रस्त्यांची तरतूद अर्थसंकल्प ‘अ’मध्ये, पाणी आणि मलनिःसारणाची ‘ग’मध्ये पाहा.
• महाटेंडर्स : निविदेची माहिती, कामाचं स्वरूप आणि मुदत.
• रस्ते डॅशबोर्ड : सिमेंट काँक्रीटच्या कामांची सद्यस्थिती. पालिकेने तो २०२५ मध्ये खुला केला.

तरतूद म्हणजे खर्च नव्हे

सर्वाधिक गल्लत इथेच होते. अर्थसंकल्पातला आकडा हा फक्त अंदाज असतो. प्रत्यक्ष दिलेले पैसे देयकांत आणि झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत दिसतं. हे कागद माहिती अधिकारात मागता येतात.

अर्ज कसा करायचा?

राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यामुळे ‘रस्ता खराब का?’ असं विचारू नका. रस्त्याचं नाव आणि वर्ष लिहून कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली देयकं आणि दोष दायित्व कालावधीची तारीख मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करता येतं. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे.

अर्ज न करताही एक मार्ग आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात.

फायदा काय?

दोष दायित्व कालावधीत रस्ता उखडला, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. ही तारीख रहिवाशांना माहीत नसेल, तर त्याच रस्त्यासाठी पुन्हा निविदा निघते आणि करदात्यांचे पैसे दुसऱ्यांदा जातात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खड्ड्याच्या फोटोसोबत ही तारीखही टाका. मग विभाग कार्यालयाकडे थेट कंत्राटदाराकडून दुरुस्तीची मागणी करता येईल.