धुराड्याचें लाकडी आवरण

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून अगर छपराच्या झरोक्यांतून बाहेर जाई. पण त्यापूर्वी तो स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व छातींत फिरून जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील दूषित हवेनें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. यावर उपाय दोन. धूर मुळांतच होऊं न देणें हा एक. फलटण येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें मद्यार्कावर जळणारी शेगडी सिद्ध केली ती याच हेतूनें. झालेला धूर ओढून बाहेर घालविणें हा दुसरा. आजच्या घरांत गॅसच्या शेगडीवर जें विजेचें धुराडें बसवितात, व ज्यास बाजारांत 'चिमणी' म्हणतात, तें हेंच काम करतें.

हें पोलादी धुराडें डोळ्यांस रुक्ष दिसतें, म्हणून त्यास सागवानी आवरण करण्याची हौस अनेकांस असते. हौस गैर नाहीं. परंतु विस्तवाच्या माथ्यावर लाकूड टांगावयाचें आहे, हें विसरूं नये. धुराडें शेगडीपासून साधारणपणें ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच असतें. कारखानदारानें निराळा आंकडा दिला असल्यास तोच पाळावा. लाकडाची खालची कड पोलादाच्या कडेहून वरच राहिली पाहिजे, आणि दोहोंमध्यें हवा खेळण्यापुरती जागा हवी. लाकडास रोज थोडथोडी आंच लागत गेली तर तें वाळून काळें पडतें व पुढें सहज पेट घेतें.

दुसरी अडचण हवेची. महाबळेश्वरच्या पावसांत लाकूड फुगतें, जतच्या उन्हाळ्यांत आटतें; तेंही रुंदीकडे, लांबीकडे जवळजवळ नाहींच. स्वयंपाकघरांत वाफ व आंच दोन्ही एकाच दिवशीं येतात. सबंध फळ्या चोहोंकडून खिळ्यांनीं जखडल्या तर त्या तडकणारच. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकटीच्या खांचेंत फळी मोकळी बसवीत. तोच प्रकार येथें योग्य. चौकटीचे सांधे खांच व कुसूं यांनीं जोडावे, पण मधल्या फळीस सरस लावूं नये.

काम आरंभण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा नमुना करून जागेवर धरून पाहावा. त्यास खर्च नाहीं, व आमच्या विद्यार्थ्यांस भूमितीचा तो चांगला पाठ होईल. कारण उतरत्या बाजूंचे कोन कागदावर सोपे वाटतात, करवतीखालीं तसे राहत नाहींत. भिंतीवर तिरप्या कडेची भक्कम पट्टी बसवून तिच्यावर आवरण अडकवावें, म्हणजे सफाईच्या वेळीं तें उतरवितां येतें. मातीच्या भिंतींत खिळा धरत नाहीं. तेथें भार लाकडी खांबावर घ्यावा. जाळी काढण्याची वाट मात्र बंद होतां कामा नये. ती तेलानें तुंबली म्हणजे धूर पुन्हा घरांतच. कोरीव नक्षी आम्ही नकोच म्हणूं. तिच्या रेघांत तेल बसतें, आणि तें घासण्याचें काम कोणाच्या वांट्यास येतें हें सर्वांस ठाऊक आहे.

लाखेचें पॉलिश उष्णतेनें चिकट होतें, म्हणून येथें जवसाचें तेल बरें. तें पुसलेलीं फडकीं मात्र बोळा करून टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेटतात. भिजवून, मोकळीं पसरून, घराबाहेर वाळवावीं.