मद्रास ते मंगळूर : सरळ अंतर आणि उड्डाणाचा काळ

दोन नगरांमधील अंतर विचारले असता आपण सहसा रस्त्याचे अथवा लोहमार्गाचे अंतर सांगतो. विमानास त्याचा उपयोग नाही. त्यास हवे असते ते पृथ्वीच्या गोल पृष्ठावरील सर्वांत आखूड अंतर. दक्षिण भारतात असे अंतर प्रथम काटेकोरपणे कसे काढले गेले, ही हकिकत म्हैसूरशी निगडित आहे.

इ. स. १७९९ च्या म्हैसूर युद्धात विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. श्रीरंगपट्टणानजीक रात्रीच्या अंधारात आपली फौज उत्तरेऐवजी दक्षिणेस, थेट शत्रूच्या दिशेने, चालली असल्याचे त्याने ताऱ्यांवरून ओळखले, असे सांगतात. टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर जिंकलेल्या मुलुखाची मोजणी कंपनी सरकारला हवीच होती; लॅम्बटनला मात्र त्या निमित्ताने पृथ्वीचा आकारच मोजावयाचा होता. त्याने १८०० मध्ये बंगळूरजवळ व १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजल्या.

मद्रासची रेषा सुमारे साडेसात मैलांची. ती १०० फुटी पोलादी साखळीने मोजली गेली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर एवढ्या अंतरात सुमारे पावणेपाच फुटांची चूक होते. म्हणून साखळीवर सावली धरून तिचे तापमान टिपले जाई. पुढचे काम कोनांचे. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक असल्यास उरलेल्या बाजू गणिताने निघतात. टेकडीवरून टेकडीकडे असे त्रिकोण जोडत तो म्हैसूरच्या पठारावरून पश्चिम किनाऱ्यास पोहोचला. तेव्हा आढळले, की जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविलेली मद्रास-मंगळूर रुंदी प्रत्यक्षात ३६० मैलांच्या आसपास आहे! ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास हे ४० मैल म्हणजे जवळजवळ आठ मिनिटे होत. पुढे उत्तरेकडे मोजणी नेत असता लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तला. त्याची कबर तेथेच आहे.

३६० मैल म्हणजे सुमारे ५८० किलोमीटर. उपरोक्त वेगाने, वारा नसता, ७० मिनिटे लागावीत. चढण्या-उतरण्याचा वेळ निराळा. परंतु विमान हवेत असते आणि हवाच वाहत असते. समजा, ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा पाठीशी आहे; मग ५८ मिनिटे पुरतात. परतताना तोच वारा समोरून येतो, तेव्हा ८७ लागतात. वाचकांस वाटेल, की जाता-येता हिशेब फिटला. तो फिटत नाही. एकूण पाच मिनिटे अधिकच लागली, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमानास अधिक काळ राहावे लागते. इंधन भरताना हे ध्यानी घ्यावे लागते.

वाऱ्याची दिशा उंचीगणिक बदलते, हा आणखी एक पेच. जुलैत मंगळूरवर पश्चिमेचा पावसाळी वारा लोटत असतो. पण दक्षिण भारतावर सुमारे १४ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतो. त्याचे स्वरूप भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये मांडले. या प्रवाहाचा प्रभाव त्याच्या खालच्या थरांतही जाणवतो. त्यामुळे चेन्नईहून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून मंगळूरला निघालेल्या जेट विमानास भर पावसाळ्यात वारा बहुधा पाठीशी मिळतो, आणि उतरताना अखेरच्या टप्प्यात तो समोरून येतो.