मोटारगाडीतील पूरक विद्युत् मापके

मोटारगाडीच्या कारखान्यात बसविलेल्या उपकरणांखेरीज मागाहून बसवून घेतलेल्या आणि एंजिनाचे तापमान, वंगण तेलाचा दाब, इंधनाची पातळी, घटमालेचा विद्युत् दाब इ. गोष्टी काट्याने दाखविणाऱ्या उपकरणांना पूरक विद्युत् मापके म्हणतात. व्यवहारात त्यांना सरसकट ‘मीटर’ असे नाव आहे. पुष्कळ गाड्यांत तेलाचा दाब व तापमान यांसाठी केवळ धोक्याचा दिवा असतो. दिवा मर्यादा ओलांडली गेल्यावरच लागतो. मर्यादा जवळ येत असल्याचे काटाच दाखवू शकतो, हे या मापकांचे खरे प्रयोजन होय.

खानदेशात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. जळगाव, भुसावळ व धुळे परिसरांत मे महिन्यात हवेचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. प्रारकाने (रेडिएटरने) हवेत टाकलेली उष्णता ही स्थूलमानाने पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पाणी ९५° से. व हवा २५° से. असता हा फरक ७०° असतो. हवा ४५° से. झाली की तो ५०° वर येतो, म्हणजे शीतनाची क्षमता सु. २८ टक्क्यांनी घटते. त्यातच धुळे येथे मुंबई–आग्रा आणि सुरत–कोलकाता हे (पूर्वीचे क्र. ३ व ६ चे) राष्ट्रीय महामार्ग एकमेकांस छेदतात, आणि तेथून निघणाऱ्या वाहनास बहुतेक दिशांना घाट चढावा लागतो : उत्तरेस शिरपूरच्या पुढे सातपुड्यातील बिजासन, पश्चिमेस कोंडाईबारी व दक्षिणेस चाळीसगाव–कन्नड दरम्यानचा औट्रम घाट. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये संथपणे चढत असता वाऱ्याचा झोत कमी व एंजिनावरील भार अधिक असतो. अशा वेळी तापमानाचा काटा दहा अंशांनी खोटे बोलला, तर सिलिंडर-शीर्ष वाकणे वा त्याखालील गॅस्केट जळणे यांसारखी खर्चिक हानी संभवते.

रचना व कार्य : विद्युत् मापकाचे दोन भाग असतात. एंजिनावर अथवा टाकीत बसविलेला प्रेषक (सेंडर) हा बदलता रोध असतो. चालकासमोरील फलकावर बसविलेला दर्शक त्या रोधानुसार काटा हलवितो. तापमानाच्या प्रेषकात थर्मिस्टर असतो व त्याचा रोध तापमान वाढले की कमी होतो. तेलदाबाच्या प्रेषकात दाबाने पातळ पटल फुगते व त्याला जोडलेली सरकपट्टी रोधतारेवर सरकते. इंधनाच्या प्रेषकात हेच काम तरंगत्या गोळ्याची दांडी करते. दर्शक दोन प्रकारचे आढळतात. जुन्या औष्णिक दर्शकात द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकते व काटा सावकाश सरकतो. घटमालेच्या दाबातील चढउताराचा परिणाम होऊ नये म्हणून त्याला सु. १० व्होल्ट दाब देणारा स्थिरक लागतो. दुसऱ्या प्रकारात एकमेकांशी कोन करणारी वेटोळी असून काटा त्यांतील प्रवाहांच्या गुणोत्तरानुसार स्थिरावतो. पुरवठ्याचा दाब बदलला तरी गुणोत्तर जवळजवळ तेच राहते, म्हणून या दर्शकास स्थिरक लागत नाही. परंतु त्याला भूयोजनाचे अग्र मात्र असावेच लागते.

प्रेषक व दर्शक एकाच जातीचे असणे आवश्यक आहे. अमेरिकन धर्तीच्या मापकांत सामान्यतः २४० ओहम म्हणजे टाकी रिकामी व ३३ ओहम म्हणजे भरलेली. यूरोपीय धर्तीत सु. १० ओहम म्हणजे रिकामी व १८० ओहम म्हणजे भरलेली. एकाचा प्रेषक दुसऱ्याच्या दर्शकास जोडला, तर काटा हलतो, पण उलटा.

जोडणी : दर्शकास साधारणतः चार तारा येतात : किल्ली-स्विचमधून येणारी पुरवठ्याची, प्रेषकाची, भूयोजनाची व आतील दिव्याची. पुरवठ्याची तार किल्ली फिरविल्यावरच दाब येणाऱ्या मंडलातून घेतात आणि तिच्या उगमाजवळच १ ते ३ अँपिअरची वितळतार (फ्यूज) घालतात. ती दर्शकाजवळ घातल्यास मधल्या तारेस काहीच संरक्षण मिळत नाही. दिव्याची तार बाजूच्या दिव्यांच्या मंडलास जोडतात. मापकांना लागणारा प्रवाह अल्प असल्याने ०·७५ ते १ चौ. मिमी. छेदाची तार पुरते. तथापि एंजिनाच्या पेटीत घरगुती वायरिंगची तार वापरू नये. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७०° से. असते व निष्कास नळाजवळ ती सहज ओलांडली जाते. पत्र्यातील भोकातून तार नेताना रबरी कडे घालतात.

विद्युत् दाबमापक (व्होल्टमीटर) समांतर व प्रवाहमापक (अँपिअर मीटर) एकसरीत जोडतात. प्रवाहमापकातून गाडीचा बहुतेक सर्व प्रवाह चालकासमोरील फलकापर्यंत फिरवून आणावा लागतो, त्यासाठी जाड तार लागते व तिचे वेष्टन घासले गेल्यास आग लागू शकते. प्रत्यावर्तकाची (अल्टरनेटरची) क्षमता वाढत गेली तसा प्रवाहमापक मागे पडला, ते योग्यच झाले. दाबमापक पुरेशी माहिती देतो : एंजिन बंद असता पूर्ण भारित घटमाला सु. १२·६ व्होल्ट आणि भारण चालू असता १३·८ ते १४·५ व्होल्ट दाखविते.

भूयोजन : घराच्या वायरिंगमधील भूयोजन म्हणजे जमिनीशी जोडणी, मोटारगाडीत मात्र ‘अर्थ’ म्हणजे सांगाडा व एंजिनाचा धातू यांतून घटमालेकडे परतणारा प्रवाहमार्ग होय. तारेची बचत व्हावी म्हणून ही पद्धत रूढ झाली. हल्लीच्या गाड्यांत ऋण अग्र सांगाड्यास जोडलेले असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत धन अग्र जोडलेले असे. जुनी गाडी हौसेने राखणाऱ्याने मापक घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

परतीच्या मार्गातील गंजलेला सांधा दिसत नाही, पण तो मंडलात एक रोधच असतो. समजा, चार दर्शकांचे दिवे मिळून १ अँपिअर प्रवाह घेतात व त्यांच्या सामायिक भूयोजनाच्या स्क्रूखाली रंग राहिल्याने ०·५ ओहम रोध आहे. दिवे लावताच दर्शकाचे ऋण अग्र सांगाड्यापेक्षा ०·५ व्होल्टने उंचावते. दाबमापक तेवढे कमी दाखवितो. तापमानाच्या दर्शकाचा प्रेषक एंजिनातून स्वतंत्रपणे परत जोडलेला असल्याने वेटोळ्यांतील प्रवाहांचे गुणोत्तर बिघडते व काटा उडी घेतो. रात्री दिवे लावताच काटे हलत असतील, तर दोष मापकात नसून भूयोजनात आहे असे समजावे.

प्रेषकाच्या बाजूचा दोष अधिक घातक असतो, कारण तो कोणत्या दिशेने फसवील हे मापकाच्या जातीवर अवलंबून असते. एकतारी प्रेषकाचे भूयोजन त्याच्या आट्यांतूनच होते. गळती थांबविण्यासाठी आट्यांवर टेफ्लॉनची फीत भरपूर गुंडाळली, तर धातूचा संपर्क कमी होऊन रोध वाढतो. थर्मिस्टरचा वाढलेला रोध म्हणजे थंड पाणी. म्हणून एंजिन तापत असता काटा ते थंड असल्याचे सांगतो. यूरोपीय जातीच्या तेलदाब मापकात रोध वाढला की दाब अधिक दिसतो, म्हणजे येथेही चूक धोक्याच्याच बाजूने होते. अमेरिकन जातीत उलट दाब कमी दिसतो व चालक निष्कारण घाबरून गाडी थांबवितो, जे परवडते. प्रेषकाची तार मधेच तुटली अथवा सांगाड्यास चिकटली, तर काटा टोकास जाऊन बसतो. असा ढोबळ दोष निदान लक्षात तरी येतो.

एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्यामुळे ते सांगाड्यास जाळीदार तांब्याच्या पट्टीने जोडावे लागते. खानदेशातील रस्त्यांवरची काळी माती व धूळ पावसाळ्यात या पट्टीवर ओली बसते आणि तिची टोके खातात. पट्टी तुटली, तर प्रारंभक मोटरीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह प्रवेगकाच्या किंवा चोकच्या धातूच्या केबलीतून वाट काढतो. ती केबल तापून धूर येऊ लागला की कारण बहुधा हेच असते.

म्हणून सर्व दर्शकांची भूयोजने एका जाड तारेने एकत्र करून ती तार रंग खरवडलेल्या चकचकीत धातूवर, दातेरी वायसर व थिंबल घालून आवळतात आणि सांध्यावर ग्रीस लावतात. पुष्कळदा फलकाच्या पातळ पत्र्याऐवजी थेट घटमालेच्या ऋण अग्राशी तार नेणे बरे. तपासणीसाठी दिवे लावून दाबमापकाचे एक टोक घटमालेच्या ऋण अग्राला व दुसरे दर्शकाच्या भूयोजन अग्राला लावतात; ०·२ व्होल्टपेक्षा अधिक वाचन आल्यास सांधा सदोष असतो. हीच तपासणी प्रेषकाच्या षट्कोनी बुंध्यावरही करतात. नुसत्या ओहममापकाने हा दोष सापडेलच असे नाही, कारण त्याचा प्रवाह फारच थोडा असतो. प्रेषकाची परीक्षा त्याला किटलीतील तापत्या पाण्यात तापमापकासह बुडवून करता येते.

या सर्व कटकटीतून मुक्त असे यांत्रिक मापकही मिळतात. त्यांतील वक्र नळी फ्रेंच अभियंते यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये शोधून काढली. त्यांस प्रवाह लागत नाही. परंतु तेलदाबासाठी तप्त तेलाची नळी चालकाच्या पायाजवळ आणावी लागते व ती फुटल्यास भाजण्याचा धोका असतो.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या अलीकडील गाड्यांत कारखान्याच्या तापमान प्रेषकाच्या तारेस दुसरा दर्शक जोडू नये. नियंत्रक त्याच तारेवरील दाब मोजून इंधनाचे प्रमाण ठरवितो. जोडलेल्या दर्शकामुळे तो दाब बदलतो व एंजिनाला चुकीचे तापमान कळते. अशा गाडीत स्वतंत्र प्रेषक बसवितात किंवा निदानाच्या जोडणीतून अंकीय वाचन घेतात. [⟶ मोटारगाडी, विद्युत् मापन].