एका पायावर उभी बासरी

जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्लिश शेतकरी. घोड्याने ओढायचं, सरळ ओळीत बी टाकणारं पेरणीयंत्र बनवणारा म्हणून तो ओळखला जातो. तिफण आणि पाभर वापरात असलेल्या नाशिक जिल्ह्याला हा माणूस परका वाटायचं कारण नाही. १९६८ च्या सुरुवातीला काही तरुण इंग्लिश वादकांच्या बँडला त्याचं नाव मिळालं आणि पुढे ते प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात कायमचं गेलं.

बँडचा गायक इयान अँडरसन आधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनच्या तोडीला आपण पोचणार नाही हे उमगल्यावर त्याने गिटार देऊन बासरी घेतली. ही बासरी म्हणजे चाव्यांची, धातूची, पाश्चात्त्य बासरी. तिच्यात फुंकतानाच तो गुणगुणायचा, गुरगुरायचा, त्यामुळे सुराला खरखरीत धार यायची. वाजवताना एक पाय वर उचलायचा. कृष्णाच्या तसबिरी पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ही मुद्रा ओळखीची वाटणारच.

१९६९ च्या ‘स्टँड अप’ अल्बममध्ये ‘बुरे’ आलं. बाखच्या ल्यूटसाठीच्या एका रचनेला जॅझच्या अंगाने झुलवणारा हा तुकडा बँडची ओळख बनला. त्याच वर्षीचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. हे गाणं पाच मात्रांचं आहे. चारच्या ठेक्यावर पोसलेल्या पॉप श्रोत्यांनी त्यावर मान डोलावली, ही लहान गोष्ट नव्हे. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी नाशिकला आश्रम उभारला होता. तिथल्या गाणं शिकलेल्या कानाला दोन-तीन, दोन-तीन असा झपताल पाठ असतो. त्या कानाने हे गाणं ऐकलं, तर ‘अवघड’ म्हणून मिरवणारं प्रोग्रेसिव्ह रॉक चटकन जवळ येतं. या संगीताकडे वळायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

बँडचं सगळ्यांत गाजलेलं गाणं मात्र ‘अ‍ॅक्वालंग’, आणि त्यात बासरीच नाही! अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी हिने लंडनमधल्या बेघर माणसांची छायाचित्रं काढली होती. त्यांवरून दोघांनी मिळून गाणं लिहिलं. १९७१ च्या या गाण्यात बासरीची जागा बँडमधल्या मार्टिन बारच्या गिटारने घेतली. त्याच अल्बममधलं ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ पियानोवर संथ सुरू होतं आणि मग थांबवता न येणाऱ्या आगगाडीसारखं सुटतं. वाढत्या लोकसंख्येची धास्ती त्यामागे होती, असं अँडरसनने सांगितलं आहे.

समीक्षकांनी ‘अ‍ॅक्वालंग’ला एकाच कल्पनेवर बेतलेला अल्बम ठरवलं. अँडरसनला ते मान्य नव्हतं. उत्तरादाखल त्याने १९७२ मध्ये ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढला: जवळपास ४४ मिनिटांचं एकच गाणं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून. वेष्टन म्हणजे बारा पानी खोटं वर्तमानपत्र, आणि कवी म्हणून नाव जेराल्ड बोस्टॉक या आठ वर्षांच्या काल्पनिक मुलाचं. थट्टा म्हणून रचलेलं हे काम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातल्या बासरी, ऑर्गन आणि गिटारचे सवाल-जवाब ऐकताना थट्टा मागे पडते आणि कसब तेवढं उरतं.

१९७८ चं ‘हेव्ही हॉर्सेस’ त्या मानाने कमी वाजतं. खरं तर ते जास्त वाजायला हवं. ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे धिप्पाड घोडे शेतातून हटले, त्यांच्यावरचं हे गाणं आहे. पोळ्याला सजवायला बैलजोडी उरली नाही अशी घरं निफाड-सिन्नरकडेही सापडतील. तिथे या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

२००८ मध्ये सतारवादक अनुष्का शंकरसोबत बँडचा भारतात दौरा ठरला होता. २९ नोव्हेंबरची मुंबईतली मैफल २६ तारखेच्या दहशतवादी हल्ल्यामुळे रद्द झाली. बँड आणि अनुष्काने ती पुन्हा आखली आणि ५ डिसेंबरला हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने सादर केली.

त्यानंतर वादक बदलले, अँडरसनचा आवाज थकला, त्याला फुप्फुसाच्या आजाराने गाठलं. तरीही २०२५ मध्ये ‘क्युरिअस रुमिनंट’ हा अल्बम आला. त्यातलं ‘ड्रिंक फ्रॉम द सेम वेल’ सोळा मिनिटांहून लांब आहे, आणि त्यात बासरी भरपूर आहे.