दुचाकीच्या धुराचे मोजमाप

पेट्रोलपंपाजवळच्या पीयूसी केंद्रावर आपण दुचाकी उभी करतो. सायलेन्सरमध्ये नळी जाते, यंत्रावर आकडे उमटतात आणि दाखला हाती पडतो. हा दाखला आपणांस नेमके काय सांगतो, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

नळीतून ओढलेल्या धुरातून यंत्र अवरक्त किरण सोडते. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आपापल्या ठराविक लहरींचे किरण शोषून घेतात. किरण जितके शोषले जातील, तितके त्या वायूचे प्रमाण अधिक. पण दुधात पाणी किती टक्के हे कळले, म्हणून किटलीत दूध किती लिटर हे कळत नाही. शिवाय उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो. नायट्रोजनची ऑक्साइडे जन्मतात ती प्रखर उष्णतेत, म्हणजे गाडी जोराने पळताना. ती या तपासणीत मोजलीच जात नाहीत.

खरे वजन घ्यावयाचे तर गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवीत व उतरवीत चालवावी लागते. धुरात हवा मिसळून नमुने पिशव्यांत भरतात आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम, याचा हिशेब काढतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था असे मापन करते. २००० साली नव्या दुचाकीस किलोमीटरमागे २ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाने ती १ ग्रॅमवर आणली.

एक ग्रॅम म्हणजे क्षुल्लक, असे कोणी म्हणेल. परंतु एक लाख दुचाकी रोज दहा किलोमीटर धावल्या, तर ही मर्यादा पाळूनही दिवसाकाठी एक टनापर्यंत वायू शहरात सोडतील. तो रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवितो. हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांपासून उन्हात ओझोन तयार होतो आणि तो दमेकऱ्यांस छळतो.

ही मर्यादा राखण्यात सायलेन्सरच्या मार्गातील उत्प्रेरकाचा मोठा वाटा असतो. आवाजाच्या हौसेपायी तो काढून टाकला, की कारखान्यातील सारे मोजमाप व्यर्थ. तेव्हा दाखला जरूर घ्यावा. पण तो उभ्या गाडीचा आहे आणि आपण श्वास घेतो तो धावत्या गाड्यांच्या रस्त्यावर, हे विसरू नये.