बोटीतून दिसते ती फक्त कड

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "सर्व्हे बोटीतून केला तर चालतो का? दोन तासांत अख्खी खाडी होते." हसू आलं, कारण माझा पहिला आराखडा याच घोळात परत आला होता.

मी ढोकीचा. तेरणा कारखाना, ऊस, आणि उन्हाळ्यात टँकर. खारफुटी पहिल्यांदा पाहिली ती वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत. तिथे स्वामिनी बचतगटाच्या महिला 2017 पासून पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळाची कमानीसारखी मुळं, झाडावरच रुजून लोंबणाऱ्या त्याच्या शेंगा, तिवराच्या पानांवरचं मीठ, आणि 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिपी, सगळं त्या नीट समजावून सांगतात. मी भराभर यादी केली, कुठलं झाड किती वेळा दिसलं ते मोजलं आणि टक्केवारी काढली. होडीतल्या ताई म्हणाल्याही, "दादा, हे नुसतं कडेचं. आतलं वेगळंच आहे." मी ते लिहून घेतलं, पण ऐकलं नाही.

गाईडने आराखडा वाचून एकच प्रश्न विचारला: "तू गावी बांधावरून ऊस बघून उतारा सांगतोस का?"

आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल की बांधाकडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, तिथला ऊस जोमदार दिसतो. म्हणूनच शेतीच्या प्रयोगांत कडेच्या ओळी सोडून आतलं क्षेत्र मोजतात. खाडीतही तेच. फरक एवढाच, की तिथे कडेची झाडं नुसती जोमदार नसतात, बऱ्याचदा जातच वेगळी असते. पाण्यालगत चिपी, कांदळ. जमिनीकडे, जिथे भरतीचं पाणी कमी वेळा पोचतं, तिथे हुरा. भरती, क्षार आणि चिखल यांनुसार हे पट्टे पडतात, आणि ते प्रत्येक खाडीत थोडे बदलतात. होडी त्यातल्या एकाच पट्ट्याला समांतर जाते. त्यात भरतीला गेलात तर तिवराची श्वसनमुळं आणि लहान रोपं पाण्याखालीच राहतात.

मग करायचं काय? खाडीला काटकोनात, पाण्यापासून जमिनीपर्यंत रेषा टाकायची. तिच्यावर ठरावीक अंतराने, समजा 10 × 10 मीटरचे, चौकोन आखायचे. ओहोटीला चिखलात उतरायचं. प्रत्येक चौकोनात जात, खोडाचा घेर, रोपांची संख्या आणि पाण्याची क्षारता नोंदवायची. अशा रेषा एक नाही, अनेक हव्यात, आणि त्यांच्या जागा सोयीने नाही तर चिठ्ठी टाकून ठरवायच्या.

हे नुसतं पद्धतीचं प्रकरण नाही. कांदळवनाभोवती 50 मीटरचा संरक्षित पट्टा धरतात, आणि भराव पडतो तो सहसा जमिनीच्या बाजूने. माझी यादी आधारभूत नोंद म्हणून वापरली असती, तर मागचा हुरा नाहीसा झाला तरी आकडे जसेच्या तसे राहिले असते. विनाश झाला, आणि अभ्यास म्हणतोय सगळं ठीक!

वेंगुर्ल्याच्याच समुद्रातलं दुसरं उदाहरण घ्या. वेंगुर्ला रॉक्सच्या खडकाळ बेटांवर गुहा आहेत. तिथे पाकोळ्या लाळेची घरटी करतात. ही घरटी चोरून विकली जात, म्हणून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने त्यांच्या रक्षणाचं काम केलं. पाकोळी अंधारात टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधते, म्हणजे घरटं आत, काळोखात. बोटीतून गुहेच्या तोंडाशी उडणारे पक्षी दिसतील, पण वीण किती झाली ते घरटी मोजल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून बोटीची फेरी वाईट नाही. प्रश्न सुचायला ती उत्तमच, मी आजही आधी होडीतूनच फिरतो. फक्त आराखड्यात एक ओळ प्रामाणिकपणे लिहा: मी कुठे उभा राहून पाहिलं, आणि तिथून काय दिसत नव्हतं. निष्कर्ष त्या ओळीच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि सोबतच्या ताई काही सांगत असतील, तर वही खाली ठेवून ऐका.